क्रिएटिनिन सगळेच बघतात, सीआरपी कुणी बघायचं?

डायलिसिसवर असलेल्या माणसाच्या घरात काही आकडे सगळ्यांना तोंडपाठ असतात. महिन्याचा रिपोर्ट हातात आला की मुलगा आधी क्रिएटिनिन शोधतो, बायको हिमोग्लोबिन बघते आणि सेंटरमधला टेक्निशियन पोटॅशियमवर बोट ठेवून विचारतो, "काका, नारळपाणी प्यायलात का?" गावाकडून भेटायला आलेला पाहुणासुद्धा बसता बसता क्रिएटिनिन किती आलं ते विचारतो. ते आठावरून सहावर आलं म्हणजे तब्येत सुधारली, असा सगळ्यांचा समज. डायलिसिसच्या रुग्णात मात्र क्रिएटिनिन स्नायू झिजल्यामुळेही घसरतं. अशा घसरणीला सुधारणा समजून घर निर्धास्त राहतं आणि माणूस आतून खंगत जातो.

हिमोग्लोबिनचीही तीच गत. रक्तवाढीचं इंजेक्शन आठवड्यातून दोनदा चालू आहे, शिरेतून आयर्न दिलं जातंय, तरी आकडा सात-साडेसातवर अडकलेला. डोस वाढवला जातो. फेरिटिन आठशेवर जातं, म्हणजे शरीरात लोहाचा साठा भरपूर आहे असं कागद सांगतो, पण रक्त काही वाढत नाही. इंजेक्शन डुप्लिकेट आलं असेल, अशी शंका नातेवाईक दबक्या आवाजात बोलून दाखवतात. दोष बहुधा इंजेक्शनचा नसतो. शरीराची प्रतिकारयंत्रणा सतत चेतलेली असेल तर तिच्या पेशी इंटरल्यूकिन-६ नावाचं रसायन सोडतात. त्या इशाऱ्यावर यकृत हेप्सिडिन हे संप्रेरक तयार करतं आणि हेप्सिडिन लोहाला साठ्यातच कुलूपबंद करतं. कोठार भरलेलं असतं, पण अस्थिमज्जेपर्यंत काही पोहोचत नाही. हेप्सिडिनचं हे काम २००४ च्या सुमारास स्पष्ट झालं. त्याआधीची दीडेक दशकं जगभरचे डॉक्टर काही रुग्णांत इंजेक्शन का लागू पडत नाही म्हणून डोकं खाजवत होते.

हे चेतलेपण, म्हणजेच दाह, रक्तात मोजता येतं. त्यासाठी सर्वांत साधी तपासणी म्हणजे सीआरपी. ती तालुक्याच्या गावातही होते, काही शे रुपयांत होते, आणि कोविडच्या काळात तर ती महाराष्ट्रातल्या घराघरात पोहोचली. तरीही आपल्याकडच्या किती डायलिसिस केंद्रांत ती ठरलेल्या वेळी, ताप नसताना, केली जाते? बहुतेक ठिकाणी रुग्ण थंडीने कुडकुडायला लागला की मगच तिची आठवण होते. सरकारी पैशाने चालणाऱ्या प्रत्येक डायलिसिस केंद्रात सीआरपी आणि अल्ब्युमिन यांची नियमित तपासणी व्हायला हवी. त्याहून महत्त्वाचं म्हणजे आकडा वाढला तर त्याचं कारण शोधण्याची जबाबदारी कुणाची, हे लिहून ठरलेलं असायला हवं.

प्रतिकारयंत्रणा चेतवण्यात डायलिसिसच्या यंत्राचाही वाटा असतो, आणि यंत्र आणि रक्त यांचं हे भांडण जुनं आहे. नेदरलँड्समधल्या काम्पेन गावात विलेम कोल्फ यांनी १९४३ मध्ये, जर्मनांच्या ताब्यातल्या देशात, पहिलं कामचलाऊ कृत्रिम मूत्रपिंड उभं केलं. लाकडी पट्ट्यांचा फिरता पिंप आणि त्याभोवती गुंडाळलेली सेलोफेनची नळी. ही नळी मुळात सॉसेजच्या वेष्टनासाठी बनलेली. पहिले बरेच रुग्ण दगावले. १९४५ मध्ये एक ६७ वर्षांची स्त्री बेशुद्धीतून परत आली आणि यंत्राला दाद मिळाली. पुढे १९६० मध्ये सिअ‍ॅटलच्या बेल्डिंग स्क्रिबनर यांनी टेफ्लॉनची कायमस्वरूपी जोडणी हातात बसवून डायलिसिस पुन्हा पुन्हा करणं शक्य केलं. त्यांचे पहिले रुग्ण क्लाइड शील्ड्स त्यावर अकरा वर्षं जगले. १९७१ मध्ये ते गेले ते हृदयविकाराने. तेव्हा तो योगायोग वाटला असेल. आज डायलिसिसच्या रुग्णांच्या मृत्यूची कारणं पाहिली तर हृदयविकार सर्वांत वर आणि त्याखाली जंतुसंसर्ग, असाच क्रम बहुतेक देशांत दिसतो.

१९६८ मध्ये कॅप्लो आणि गॉफिनेट या दोन अमेरिकी संशोधकांनी एक साधी गोष्ट केली. डायलिसिस सुरू झाल्यावर त्यांनी थोड्या थोड्या वेळाने रुग्णाच्या पांढऱ्या पेशी मोजल्या. पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत त्या कोसळल्या, जवळजवळ नाहीशाच झाल्या. तास-दीड तासाने पुन्हा वर आल्या. रुग्ण खुर्चीत बसलेला, गप्पा मारणारा, आणि त्याच्या रक्तातल्या लढवय्या पेशी गायब! त्या गेल्या कुठे याचं उत्तर १९७७ मध्ये मिनेसोटा विद्यापीठातल्या फिलिप क्रॅडॉक आणि सहकाऱ्यांनी दिलं. डायलिसिसच्या यंत्रातल्या सेल्युलोजच्या पडद्याला रक्त लागलं की प्रतिकारयंत्रणेचा एक भाग, ज्याला कॉम्प्लिमेंट म्हणतात, तो पडद्यालाच परका जंतू समजून पेटतो. त्यातून सी५ए सारखे तुकडे सुटतात, पांढऱ्या पेशी चिकट होतात आणि फुफ्फुसांच्या बारीक केशवाहिन्यांत जाऊन अडकतात. काही रुग्णांना पहिल्या अर्ध्या तासात धाप का लागते, छातीत का भरून येतं, याचा उलगडा त्यातून होऊ लागला.

या शोधाने पडद्यांचा सारा कारभार बदलला. आज आपल्याकडे वापरले जाणारे पॉलिसल्फोनसारख्या कृत्रिम पदार्थांचे पडदे रक्ताला कितीतरी कमी डिवचतात. जुन्या पडद्यांच्या काळातली एक गमतीशीर नोंद इथे सांगण्यासारखी आहे. तोच डायलायझर धुऊन दुसऱ्यांदा वापरला की पांढऱ्या पेशी कमी कोसळत, कारण पहिल्या वेळी रुग्णाच्याच प्रथिनांचा थर पडद्यावर बसलेला असे आणि रक्ताला तो ओळखीचा वाटे. ब्लीचने धुतलं की थर निघून जाई आणि त्रास परत सुरू होई. आपल्याकडे डायलायझर धुऊन वापरण्याची पद्धत पैसे वाचवण्यासाठी टिकून राहिली. नव्या पडद्यांना या थराची गरज उरलेली नाही. धुण्यात कसूर झाली तर जंतू आणि रसायन मात्र रुग्णाच्या वाट्याला येतात.

पडदे सुधारले म्हणजे प्रश्न मिटला असं वाटायला हवं होतं. तसं झालं नाही.

१९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जर्मनीतल्या वुर्त्सबुर्गच्या योझेफ त्सिमरमान आणि सहकाऱ्यांनी २८० स्थिर, म्हणजे वरकरणी बरे दिसणाऱ्या, डायलिसिस रुग्णांचा दोन वर्षं मागोवा घेतला. जवळपास निम्म्यांचं सीआरपी वाढलेलं होतं. ज्यांचं सीआरपी सर्वांत जास्त होतं त्या गटातले मृत्यू सर्वांत कमी असलेल्या गटाच्या चौपटीहून अधिक निघाले. त्याच सुमारास स्टॉकहोमच्या कारोलिन्स्का संस्थेतले पीटर स्टेनविंकेल आणि त्यांचे सहकारी दाखवत होते की कुपोषण, दाह आणि धमन्यांचं कठीण होणं या तीन गोष्टी या रुग्णांत हातात हात घालून येतात. ही बाब आपल्या घरांसाठी फार महत्त्वाची आहे. अल्ब्युमिन कमी आलं की रुग्णाला ऐकावं लागतं, "तुम्ही नीट जेवतच नाही, अंडी खा, पनीर खा." खाणं कमी पडतं हे खरंच असतं. पण यकृत दाहाच्या काळात अल्ब्युमिन बनवणं कमी करून सीआरपी बनवायला घेतं. अशा वेळी चार अंडी जास्त खाऊनही आकडा हलत नाही. आधीच तोंडाची चव गेलेल्या माणसावर वर न खाण्याचा आळ येतो तो वेगळाच.

सीआरपीवर इतका भर का, बाजारात तर डझनभर चाचण्या आहेत, असा प्रश्न कुणी विचारेल. त्याचं उत्तर मूत्रपिंडातच आहे. निओप्टेरिन घ्या. मॅक्रोफेज पेशी चेतल्या की ते रक्तात वाढतं, म्हणून ते प्रतिकारशक्तीच्या हालचालीचं चांगलं चिन्ह मानतात. टी-पेशी जाग्या झाल्या की इंटरल्यूकिन-२ चा विरघळलेला ग्राहक रक्तात वाढतो. पण यांसारखे रेणू शरीराबाहेर पडतात ते मुख्यतः मूत्रपिंडातून. मूत्रपिंडच बंद पडलं असेल तर पेशी शांत असल्या तरी हे आकडे चढलेलेच राहणार. बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन याचं ठळक उदाहरण. जवळपास प्रत्येक पेशीच्या पृष्ठभागावर असणारं हे छोटं प्रथिन निरोगी माणसात लिटरला एक ते तीन मिलिग्रॅम असतं, डायलिसिसच्या रुग्णात तेच वीस-तीसवर सहज जातं. जुने पडदे ते बाहेर काढतच नसत. वर्षानुवर्षं डायलिसिस झालेल्यांच्या मनगटातली नस दबायची, बोटं बधिर व्हायची, खांदे आखडायचे. जपानमधल्या निगाता विद्यापीठाच्या फुमिताके गेज्यो आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये दाखवलं की सांध्यांत साचणारा तो पदार्थ म्हणजे हेच प्रथिन. ते वाढतं ते प्रामुख्याने न निचरल्यामुळे.

सीआरपी हा तुलनेने मोठा रेणू. तो यकृतात बनतो आणि मूत्रपिंडातून बाहेर पडत नाही. त्यामुळे तो वाढला तर कुठेतरी आग आहे असं बऱ्याच खात्रीने म्हणता येतं. इंटरल्यूकिन-६ मृत्यूचा अंदाज सीआरपीपेक्षाही बरा देतो असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे, पण त्याची तपासणी महाग आणि जिल्ह्याच्या ठिकाणी मिळणं कठीण. दर महिन्याला होणाऱ्या सीबीसीमध्ये न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट यांचे आकडे छापलेलेच असतात. त्यांचं गुणोत्तर फुकटात काढता येतं, ढोबळ असलं तरी चढता कल दाखवतं. हे हाताशी असताना चमकदार नावांची पॅनेल रुग्णाच्या माथी मारणाऱ्या लॅबच्या जाहिरातींपासून सावध राहिलेलं बरं.

प्रतिकारशक्ती चेतलेली, म्हणजे मग संसर्गाशी ती चांगली लढत असणार, असा तर्क कुणीही करेल. घडतं उलट. महिनोन् महिने बंदोबस्तावर उभ्या असलेल्या पोलिसांसारखी या पेशींची अवस्था होते. कायम सज्ज, आणि प्रत्यक्ष चोर आला तेव्हा थकलेल्या. हिपॅटायटिस बीची लस निरोगी तरुणांत नव्वद टक्क्यांहून अधिक जणांना संरक्षण देते. डायलिसिसच्या रुग्णांत हे प्रमाण पन्नास-साठ टक्क्यांच्या आसपास घुटमळतं. म्हणून त्यांना दुप्पट मात्रा, म्हणजे ४० मायक्रोग्रॅम, चार वेळा द्यायची पद्धत आहे, आणि तरीही नंतर अँटिबॉडी मोजून बघावी लागते. क्षयाच्या बाबतीत तर हे आपल्या अगदी दाराशी आलेलं आहे. डायलिसिसच्या रुग्णाला क्षय होण्याची शक्यता इतरांपेक्षा कित्येक पटींनी जास्त. त्यातही तो बरेचदा फुफ्फुसाबाहेर होतो: मानेच्या गाठींत, पोटात, छातीच्या आवरणात. खोकला नाही, थुंकीत काही सापडत नाही, हातावरची ट्युबरक्युलिनची चाचणी पेशी प्रतिसादच देत नसल्याने कोरी येते. बारीक ताप, गळून जाणं, वजन घटणं, एवढंच. ही सगळी लक्षणं "डायलिसिसमुळे होतंच असं" या एका वाक्यात बुडून जातात. अशा वेळी तीन महिन्यांपूर्वी ६ असलेलं सीआरपी ४० झालेलं कागदावर दिसलं, तर कुणीतरी थांबून मान चाचपून बघेल, पोटाची सोनोग्राफी सांगेल.

मग ही आग लागते कुठून? सर्वांत आधी बघायचं ते मानेकडे. आपल्याकडे असंख्य रुग्णांचं डायलिसिस तातडीत सुरू होतं. मूत्रपिंड बिघडतंय हे वर्षभर आधी कळलेलंही असतं, पण हातातला फिस्टुला करून ठेवायला मन तयार होत नाही. फिस्टुला केला म्हणजे डायलिसिसवर शिक्कामोर्तब झालं, अशी भीती. आयुर्वेदिक काढे, कुणीतरी सांगितलेलं देवस्थान, दुसरं मत, तिसरं मत यांत महिने जातात आणि एका रात्री धाप लागून रुग्णालयात पोहोचल्यावर मानेत नळी घालावी लागते. फिस्टुला तयार व्हायला सहा-आठ आठवडे तरी लागतात. तोवरची म्हणून घातलेली नळी मग सहा महिने, वर्षभर राहते. नळीच्या आतल्या बाजूने जंतूंचा पातळ चिकट थर जमतो. ताप नसला, टाके लाल नसले, तरी प्रतिकारयंत्रणेला तो रोज दिसत असतो. नळीवर असलेल्यांचं सीआरपी फिस्टुला असलेल्यांपेक्षा जास्त राहतं असं वारंवार दिसलं आहे. हाताच्या त्वचेखाली थरथरणारी ती शीर, जिच्यावर कान ठेवला तर घरघर ऐकू येते, ती वेळेवर करून घेणं हाच दाह कमी करण्याचा सर्वांत स्वस्त उपाय. तो डायलिसिस सुरू होण्याच्या आधीच्या ओपीडीत करायचा आहे.

दात हे दुसरं दुर्लक्षित ठिकाण. हिरड्यांचा जुनाट आजार या रुग्णांत सर्रास आढळतो, पण डायलिसिसच्या माणसाला दंतवैद्याकडे कोण पाठवतं? रक्त पातळ करणारं औषध चालू आहे म्हणून अनेक दंतवैद्यही हात लावायला कचरतात. प्रत्यारोपण होऊन निकामी झालेलं मूत्रपिंड पोटात तसंच राहिलेलं असेल तर तेही धुमसत राहू शकतं. स्पेनमध्ये २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असं मूत्रपिंड काढल्यावर सीआरपी उतरलेलं आणि हिमोग्लोबिन चढलेलं दिसलं.

आणि पाणी. डायलिसिसच्या यंत्रात मिनिटाला साधारण ५०० मिलिलिटर द्रव फिरतो. चार तासांच्या एका बैठकीत १२० लिटर. आठवड्याला तीन बैठका म्हणजे ३६० लिटर पाणी रुग्णाच्या रक्तापासून फक्त एका केसाहून पातळ पडद्याच्या अंतरावरून वाहून जातं. निरोगी माणूस आठवड्याला चौदा-पंधरा लिटर पितो आणि त्याच्यासाठी आतड्याची भिंत राखणदार असते. डायलिसिसच्या रुग्णासाठी राखणदार म्हणजे केंद्राच्या मागच्या खोलीतला आरओ प्लांट. मेलेल्या जिवाणूंच्या कवचाचे तुकडे, ज्यांना एंडोटॉक्सिन म्हणतात, ते इतके बारीक होऊ शकतात की पडद्यातून पलीकडे जातात. ताप येण्याइतकं प्रमाण नसलं तरी पेशी चेतायला ते पुरतं. ते मोजण्याची चाचणी अटलांटिक किनाऱ्यावरच्या नालाकृती खेकड्याच्या निळ्या रक्तापासून बनवतात. एंडोटॉक्सिनचा अंश जरी लागला तरी हे रक्त गोठतं. नेहमीच्या डायलिसिस द्रवासाठी मिलिलिटरमागे ०.५ युनिटच्या आत आणि अतिशुद्ध द्रवासाठी ०.०३ युनिटच्या आत, अशी आंतरराष्ट्रीय मर्यादा आहे. अतिशुद्ध द्रव वापरला की सीआरपी आणि इंटरल्यूकिन-६ उतरतं, रक्तवाढीच्या इंजेक्शनची गरज घटते, हे अनेक छोट्या अभ्यासांत दिसलं आहे.

पाण्याकडे काणाडोळा केला तर काय होतं याची सर्वांत भयंकर नोंद ब्राझीलमधली आहे. १९९६ च्या फेब्रुवारीत कारुआरू शहरातल्या एका डायलिसिस केंद्रात टँकरने आणलेलं, पुरेशी प्रक्रिया न झालेलं जलाशयाचं पाणी वापरलं गेलं. त्या जलाशयात नील-हरित शेवाळाचं विष होतं. १३१ पैकी ११६ रुग्णांना दृष्टी धूसर होणं, उलट्या, अशक्तपणा असा त्रास झाला. शंभर जणांचं यकृत निकामी झालं. पन्नासहून अधिक मृत्यू थेट त्या विषाच्या खात्यावर मांडले गेले. ते विष प्रतिकारशक्तीला डिवचणारं नव्हे, थेट यकृत जाळणारं होतं, हे खरं. पण वाट तीच: टँकर, टाकी, गाळणी, पडदा, रक्त. इथे आठवण करून द्यायला हवी ती आपल्या २०१६ च्या उन्हाळ्याची, जेव्हा मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं. मराठवाड्यात टँकरचं पाणी ही दर काही वर्षांनी येणारी गोष्ट आहे. टँकर बदलला की पाण्याचा स्रोत बदलतो, क्षार बदलतात, क्लोरीनचं प्रमाण बदलतं. दुष्काळी जिल्ह्यांतल्या डायलिसिस केंद्रांच्या पाण्याची तपासणी उन्हाळ्यात वाढवावी, असा साधा आदेश काढायला फार मोठी यंत्रणा लागत नाही.

२०१६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाची घोषणा झाली तेव्हा सांगितलं गेलं होतं की देशात दरवर्षी २.२ लाख नवे रुग्ण वाढतात आणि त्यांच्यासाठी ३.४ कोटी बैठका लागतात. भागाकार करून पाहिला तर दर रुग्णाला वर्षाला साधारण १५५ बैठका, म्हणजे आठवड्याला तीन. प्रत्यक्षात असंख्य रुग्ण आठवड्याला दोनदाच येतात. कधी एसटीचं भाडं परवडत नाही, कधी सोबत यायला माणूस नसतो, कधी केंद्रात जागा नसते. दोन बैठकांच्या मधल्या दिवसांत अंगात पाणी साचतं, आतड्यांची भिंत सुजते. मग एकाच बैठकीत तीन-चार लिटर पाणी ओढलं की रक्तदाब पडतो आणि आतड्यांचा रक्तपुरवठा घटतो. अशा वेळी आतड्यातले एंडोटॉक्सिन रक्तात झिरपतात, असं मत आता बऱ्याच संशोधकांचं आहे. म्हणजे पाण्याचा आणि वेळेचा प्रश्नही फिरून प्रतिकारशक्तीपाशी येतो.

काही नेफ्रॉलॉजिस्ट यावर रास्त आक्षेप घेतात. सीआरपी निम्म्या रुग्णांत वाढलेलंच असणार, ते कळून करायचं काय? औषध तर नाही. हा आक्षेप पोकळ नाही. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑरोरा चाचणीत २,७७६ डायलिसिस रुग्णांपैकी निम्म्यांना रोसुव्हास्टॅटिन दिलं. वाईट कोलेस्टेरॉल ४३ टक्क्यांनी उतरलं, सीआरपीही काहीसं उतरलं, आणि हृदयविकार किंवा मृत्यू मात्र कमी झाले नाहीत. २०१७ च्या कँटोस चाचणीत दहा हजारांहून अधिक हृदयरुग्णांपैकी काहींना दाह दाबणारं कॅनाकिनुमॅब दिलं तेव्हा झटके कमी झाले, पण जीवघेणे संसर्ग वाढले. आता क्लाझाकिझुमॅब हे इंटरल्यूकिन-६ ला अडवणारं औषध थेट डायलिसिसच्या रुग्णांत तपासलं जातंय. २०२४ मध्ये आलेल्या प्राथमिक निकालांत सीआरपी नव्वद टक्क्यांच्या आसपास घसरलेलं दिसलं. माणसं त्याने जास्त जगतात का, हे ठरायचं आहे. क्षयाच्या आपल्या देशात प्रतिकारशक्तीचा एक दोर कापणारं औषध किती जपून वापरावं लागेल, हे वेगळं सांगायला नको.

याच आक्षेपात दुसरा धोकाही दडलेला आहे. सीआरपी ३० आलं की लगेच अँटिबायोटिक, असा प्रकार सुरू झाला तर न तपासलेलंच बरं. ताप नाही, कल्चर नाही, आणि आकडा उतरवण्यासाठी आठ दिवस इंजेक्शनं! त्यातून रुग्णाच्या अंगात औषधांना दाद न देणारे जंतू तेवढे तयार होतात. म्हणून एका आकड्यावर काहीच ठरवू नये. सर्दी-पडसं झालं तरी सीआरपी चढतं. तेच बैठकीच्या आधी, त्याच लॅबमध्ये, दर तीन महिन्यांनी केलं तर प्रत्येक रुग्णाची स्वतःची पातळी कळते आणि ती सोडून चढलेला आकडा प्रश्न विचारायला भाग पाडतो. नळी किती दिवसांची आहे? पाण्याची शेवटची तपासणी कधी झाली? दात बघितले? गाठ आहे? एकाच महिन्यात एकाच केंद्रातल्या सात-आठ जणांचं सीआरपी एकदम चढलं तर रुग्णांना तपासण्याआधी मागच्या खोलीतला आरओ प्लांट उघडावा. हा सामूहिक इशारा तर एकेकट्या रुग्णाच्या फाइलमध्ये कधी दिसणारच नाही. केंद्राने सगळे आकडे एका तक्त्यात ठेवले तरच दिसेल.

औषध नसलं तरी डायलिसिसच्या पद्धतीबाबत २०२३ मधली युरोपातली कन्व्हिन्स चाचणी आशा दाखवते. १,३६० रुग्णांत नेहमीचं डायलिसिस आणि हिमोडायफिल्ट्रेशन ही त्याचीच वेगळी पद्धत, यांची तुलना झाली. साधारण अडीच वर्षांत पहिल्या गटात २१.९ टक्के मृत्यू, दुसऱ्यात १७.३ टक्के. मुंबई-पुण्यातल्या मोठ्या रुग्णालयांत ही सोय आता मिळू लागली आहे. पण या पद्धतीत अनेक लिटर द्रव थेट रक्तात सोडला जातो, त्यामुळे अतिशुद्ध पाण्यावाचून ती धोक्याची. नवी यंत्रं विकत घेण्याच्या घोषणा करणाऱ्यांनी आधी पाण्याच्या खोलीवर खर्च करावा.

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून महाराष्ट्रातल्या हजारो कुटुंबांचं डायलिसिस चालतं, आणि ही योजना नसती तर त्यातली कित्येक घरं उद्ध्वस्त झाली असती. त्याच योजनेच्या पॅकेजमध्ये तिमाही सीआरपी आणि अल्ब्युमिन स्पष्ट शब्दांत लिहिलं जावं. रक्तवाढीच्या इंजेक्शनचा डोस वाढवण्याआधी सीआरपी बघितल्याची नोंद सक्तीची व्हावी. न लागू पडणाऱ्या इंजेक्शनांवरचा खर्च वाचला तरी तपासणीचे पैसे निघून येतील. जिल्हा रुग्णालयांतल्या केंद्रांत नेफ्रॉलॉजिस्ट रोज नसतो, पंधरा दिवसांनी किंवा फोनवर असतो. तिथे आकडा चढल्यावर पहिलं पाऊल टेक्निशियन आणि परिचारिकेनेच उचलायचं आहे, त्यामुळे त्यांना तसं शिकवावं आणि तसा अधिकारही द्यावा. आणि पाण्याच्या मासिक तपासणीचा अहवाल, एंडोटॉक्सिनच्या आकड्यासह, केंद्राच्या दारावर मराठीत लावावा. चार तास बाकावर बसून राहणाऱ्या नातेवाइकांना तो वाचायला वेळ असतो, आणि मागच्या महिन्याचा कागद अजून तसाच लटकलेला दिसला तर त्याबद्दल विचारायचा हक्कही.